सेर्गीने बांधलेली पडवी

मॉस्को

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

फोटोतला तो दाढीवाला साधू कोण, असं विचारलंस. तो रादोनेझचा सेर्गी. मॉस्कोपासून सत्तरेक किलोमीटरवर सेर्गीयेव पोसादला त्याचा मठ आहे, लोकलने जाता येतं.

इथे कोणालाही विचार, पहिली गोष्ट ठरलेली: 1380 साली कुलिकोवोच्या लढाईआधी राजा दिमित्री त्याच्याकडे गेला, त्याने आशीर्वाद दिला आणि तेव्हा रशियावर हुकमत गाजवणारे तातार हरले. या भेटीबद्दल इतिहासकारांत वाद आहेत, पण ते सोड. राजांना आशीर्वाद देणारे साधू कुठल्या देशात कमी पडलेत? माझ्या मनात बसलीय ती पडवीची गोष्ट. त्याचा शिष्य एपिफानी याने चरित्रात ती लिहून ठेवलीय.

मठात तीन दिवस सेर्गीच्या पोटात अन्न नव्हतं. चौथ्या दिवशी पहाटे कुऱ्हाड घेऊन तो दानियेल नावाच्या म्हाताऱ्या साधूकडे गेला. "तुला पडवी बांधून हवीय ना? मी बांधतो." म्हाताऱ्याला धास्ती, हा मजुरी किती मागेल! सेर्गी म्हणाला, तुझ्याकडचा तो बुरशी आलेला पाव दे, बस्स. म्हाताऱ्याने चाळणीभर तुकडे लगेच पुढे केले, तर हा म्हणतो, आधी काम, मग मजुरी. दिवसभर फळ्या तासल्या, खांब उभे केले. संध्याकाळी प्रार्थना करून तो पाण्याबरोबर ते तुकडे खायला बसला, तेव्हा तोंडातून बुरशीची धूळ धुरासारखी उडत होती म्हणे. आणि गंमत म्हणजे, हा त्या मठाचा प्रमुख होता!

दुसरी गोष्ट थोरल्या भावाची, स्तेफानची. माकोवेत्स टेकडीवरच्या जंगलात दोघांनी मिळून लाकडी चर्च उभारलं होतं. एकटेपणा सोसवेना म्हणून स्तेफान मॉस्कोला निघून गेला, हा तिथेच राहिला. पुढे मठ नावारूपाला आल्यावर स्तेफान परतला आणि एकदा चर्चमध्येच कडाडला, "इथे प्रमुख कोण? आधी मी आलो होतो ना?" सेर्गीच्या कानावर ते पडलं. चकार शब्द न काढता तो चालू लागला आणि किर्झाच नदीकाठी नवा मठ वसवला. महाधर्माध्यक्ष अलेक्सीने निरोप धाडला तेव्हा कुठे परतला. त्याच अलेक्सीने पुढे आपली गादी देऊ केली, सोबत सोन्याचा क्रूस. यानं दोन्ही नाकारलं. लहानपणापासून कधी सोनं घातलं नाही, म्हणे.

1392 मध्ये तो वारला. तीस वर्षांनी अवशेष बाहेर काढले आणि त्यांच्यावर पांढऱ्या दगडाचं चर्च बांधलं. चित्रकार रुब्ल्योवचं ते प्रसिद्ध त्रैक्याचं (ख्रिस्ती लोकांच्या एकात तीन अशा देवाचं) चित्र याच चर्चसाठी. 1919 साली बोल्शेविकांनी शवपेटी उघडून चित्रीकरण केलं, मागोमाग मठ बंद पाडला, 1930 मध्ये गावाचं नाव बदलून झागोर्स्क केलं. अवशेष 1946 मध्ये चर्चला परत मिळाले, गावाचं नाव 1991 मध्ये. आता तिथे चांदीची पेटी, वर चांदीचीच छत्री, आणि पेटीवर डोकं टेकायला भली मोठी रांग. सोनं नाकारणाऱ्याचा एवढा थाट मला खटकतो. पण रांगेतल्या म्हाताऱ्यांना खटकत नाही, त्या आपल्या नातवंडांच्या परीक्षेसाठी प्रार्थनेची चिठ्ठी घेऊन आलेल्या असतात.

तू आलास की जाऊच. फक्त 18 जुलै किंवा 8 ऑक्टोबर धरू नकोस. त्याचे सण असतात, लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळणार नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल