फ्लॉवरची खिचडी कुकरमध्ये लावू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत मधुमेहींसाठी ‘भाताविना मुगाची खिचडी’ ही कृती आली आहे. कल्पना चांगली आहे, पण छापल्याबरहुकूम केली तर खिचडीऐवजी फ्लॉवरचा लगदा हाती येतो आणि ताटात त्याच्याभोवती पिवळ्या पाण्याचं तळं साचतं. कारण साधं आहे. कृतीत तांदूळ काढून त्या जागी फ्लॉवर घातला, पण दोन वाट्या पाणी, सुरुवातीलाच मीठ आणि कुकरच्या तीन शिट्ट्या हे सगळं तांदळाचंच राहिलं. शिवाय शेवटी ‘कर्बोदकं नगण्य’ अशी ओळ आहे, तीही बरोबर नाही.

आधी ही ओळ बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेल्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात तंतू वगळून सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि मूगडाळीत सुमारे ५३ ग्रॅम. डाळ म्हणजे नुसती प्रथिनं, हा घरोघरचा समज आहे. कृतीत वाटीभर डाळ सांगितली आहे. वाटीभर डाळ म्हणजे जवळपास सव्वाशे ग्रॅम, त्यातून ६५ ग्रॅम कर्बोदकं आली. दोघांत वाटली तरी माणशी ३२-३३ झाली, आणि फ्लॉवर अजून मोजलेलाच नाही. याला नगण्य कसं म्हणणार? नेहमीच्या खिचडीत १०० ग्रॅम तांदूळ आणि ५० ग्रॅम डाळ धरली तर दोघांत १०४, म्हणजे माणशी ५२ होतात. फ्लॉवर ४०० ग्रॅम आणि डाळ ४० ग्रॅम घेतली, तर फ्लॉवरमधून बारा (१०० ग्रॅमला तीनेक) आणि डाळीतून एकवीस असे एकूण ३३, म्हणजे माणशी १६-१७ ग्रॅम. साधारण एक तृतीयांश. एवढं खरं सांगितलं तरी पुरेसं आहे, ‘नगण्य’ म्हणायची गरज नाही.

त्याच पानावर चौकटीत ‘फ्लॉवर नसेल तर भगर, दलिया किंवा ज्वारीच्या कण्या’ असा पर्याय दिला आहे. या तिन्हींत १०० ग्रॅममागे कर्बोदकं ६५ ते ७०च्या घरात आहेत. तंतू तांदळापेक्षा जास्त असतात, पोटात सावकाश पचतात, हे मान्य. पण कमी कर्बोदकांच्या चौकटीत त्यांना जागा नाही.

आता कृतीकडे. तांदूळ पाणी पितो आणि फुगतो. शिजताना त्याच्यातला स्टार्च पाण्यात उतरतो आणि त्यानेच खिचडी आसट होते, कण एकमेकांना धरून राहतात. फ्लॉवरमध्ये स्टार्च नावापुरता आणि पाणी मात्र शंभरात नव्वदच्या वर. तो पाणी पीत तर नाहीच, उलट सोडतो. म्हणून या खिचडीत दोन कामं वेगवेगळी करावी लागतात. फ्लॉवरमधलं पाणी उडवायचं आणि आसटपणा डाळीकडून मिळवायचा. दोन्ही एका भांड्यात, झाकण लावून, एकदम होत नाहीत.

सव्वासहाशे ग्रॅमचा गड्डा आणला तर पानं आणि दांडा काढून ४०० ग्रॅमच्या आसपास तुरे मिळतात. गड्डा घट्ट, पांढरा आणि हातात जड लागणारा बघावा. उन्हाळ्यातला विरळ, पिवळट गड्डा शिजताना उग्र वास मारतो. तुरे कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवले की अळ्या असतील तर बाहेर येतात. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. तुरे निथळून पंचावर पसरून अर्धा तास तरी कोरडे होऊ द्यायचे. ओला फ्लॉवर किसला तर तुऱ्यांच्या खाचांत अडकलेलं पाणी थेट कढईत जातं आणि मग परतणं होतच नाही, उकडणं होतं.

किसायला किसणीची मोठ्या भोकांची बाजू घ्यावी. मिक्सर टाळलेला बरा. तळाशी पेस्ट होते आणि वर अख्खे तुरे फिरत राहतात. मिक्सरच हवा असेल तर भांडं अर्ध्यापेक्षा कमी भरावं आणि बटण उलट्या बाजूला तीन-चार वेळा क्षणभर फिरवून सोडावं. कण तांदळाच्या कणीपेक्षा किंचित मोठा हवा. त्याहून बारीक झाला तर लगदा होतो आणि मोठा राहिला तर खाणाऱ्याला भाजी खातोय असंच वाटतं. दांड्याचा कोवळा गाभाही किसून घालता येतो, मात्र तो शिजायला दोन मिनिटं जास्त घेतो, म्हणून आधी टाकावा.

डाळ ४० ग्रॅम, म्हणजे पोह्याचे सपाट तीन-चार चमचे. मंद आचेवर कोरडी भाजावी, रंग बदलायच्या आत वास आला की उतरवावी. धुऊन अर्धा तास भिजवावी. एवढ्याशा डाळीला कुकर लावू नये. पातेल्यात दोन वाट्या पाणी, हळद आणि चिमूटभर हिंग घालून उघडीच शिजवावी, वर येणारा फेस काढावा. दाणा दोन बोटांत चिरडतो पण अजून आकार धरून आहे, अशा वेळी दोन पळ्या डाळ वाटीत काढून ठेवावी. उरलेली पूर्ण मऊ होऊ द्यावी आणि रवीने एकजीव घोटावी. ती पळीतून संथ धारेने पडेल इतपतच दाट हवी. घोटलेली डाळ खिचडी बांधते आणि बाजूला काढलेले अख्खे दाणे दाताखाली येतात. हे दाणे नसले तर सगळं एकसारखं गुरगुट लागतं आणि चार घासांनंतर कंटाळा येतो. लोक म्हणतात ‘चवीला ठीक आहे, पण खिचडी नाही’, ते बहुधा या दाण्यांच्या अभावी.

कढई पसरट घ्यावी, बुडाशी चांगली जाड. दीड पोह्याचा चमचा तूप, त्यात जिरं, पाव चमचा हिंग, चार-पाच मिरी जाडसर कुटून, दोन लवंगा, इंचभर आलं किसून, हिरवी मिरची आणि कढीपत्ता. भाताच्या खिचडीपेक्षा हिंग-मिरी थोडी सढळ हवी, कारण फ्लॉवरला स्वतःचा गोडसर वास असतो. याच कारणाने यात गोडा मसाला घालू नये, असं आमचं ठाम मत आहे. गोडावर गोड चढतं आणि चव मिळमिळीत होते. टोमॅटोही नको, तो आणखी पाणी आणतो.

फोडणीत किस टाकला की आच मोठी करावी, किस कढईभर पसरावा आणि तीन-चार मिनिटं उलथण्याने वरखाली करत राहावं. सुरुवातीला चरचर आवाज येतो, मग वाफ, मग आवाज पुन्हा कोरडा होतो. आवाज कोरडा होईपर्यंत मीठ घालायचं नाही. मिठाने फ्लॉवरच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि परतायला घेतलेला किस स्वतःच्याच पाण्यात बुडतो. छापलेल्या कृतीत ‘मीठ, हळद, मसाला एकदम घालून झाकण ठेवा’ असं आहे. ताटातलं तळं तिथूनच येतं. झाकणाचाही दोष आहेच. फ्लॉवरमध्ये गंधकयुक्त घटक असतात, जास्त शिजवलं की त्यांचा वास सुटतो आणि झाकणाखाली तो कोंडून परत अन्नातच मुरतो. कुकरच्या तीन शिट्ट्यांनंतर स्वयंपाकघरात जो वास दरवळतो तो हाच. तेव्हा उघड्या कढईत, थोडक्या वेळात.

किस कोरडा झाला आणि एखाद-दुसऱ्या कणाला सोनेरी कड आली की मीठ, मग घोटलेली गरम डाळ आणि बाजूला काढलेले दाणे घालावेत. डाळ गार असेल तर गुठळी धरते. मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं. पाणी लागलंच तर उकळतं, तेही पाव वाटीपर्यंतच. झाली का हे कळायची खूण अशी: उलथण्याने कढईच्या बुडाशी रेघ ओढावी. रेघ क्षणभर दिसून मिटली तर बरोबर. लगेच मिटली तर सैल आहे, आणखी मिनिटभर ठेवावी. तशीच उभी राहिली तर घट्ट झाली आहे, दोन चमचे गरम पाणी घालावं. उतरवून पाच मिनिटं तशीच ठेवली की डाळ आणखी आळते, म्हणून गॅसवरून उतरवताना किंचित सैलच ठेवावी.

तरीही सैल राहिली तर इसबगोलाचा उपाय आहे. दोघांच्या खिचडीला चहाचा अर्धा चमचा, त्याहून जास्त नाही. गॅस बंद करून, एका हाताने भुरभुरत आणि दुसऱ्या हाताने हलवत घालायचा. एकदम टाकला तर गोळे होतात आणि चमचाभर घातला तर खिचडी बुळबुळीत होऊन तार धरते. रवा, तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर लावून घट्ट करणारेही आहेत. मग तांदूळ काढला कशाला?

फ्लॉवर चांगला मिळत नाही त्या दिवसांत ३०० ग्रॅम फ्लॉवर आणि १०० ग्रॅम दुधी अशी जोडी चालते. दुधी किसून घट्ट पिळावा आणि ते पाणी डाळ शिजवायला वापरावं. त्याने आसटपणाही वाढतो. मात्र किसण्याआधी दुधीचा तुकडा चाखून बघावा. कडू लागला तर पूर्ण फेकून द्यावा, कडू दुधी विषारी असू शकतो. गोठवलेल्या किसाची पाकिटं वापरायची असतील तर आधी वितळू देऊ नयेत, तशीच तापल्या कढईत टाकावीत. वितळली की किसाचा निम्मा जीव पाण्यात जातो.

एक गोष्ट आधी सांगितलेली बरी. ही खिचडी ताटात कमी दिसते. तांदळाची फुगते, ही आटते. प्रथिनंही माणशी आठ-नऊ ग्रॅमच पडतात, म्हणून सोबत वाटीभर घट्ट दही किंवा मूठभर भाजलेले शेंगदाणे हवेत, नाहीतर दोन तासांत पुन्हा भूक लागते आणि हात बिस्किटांच्या डब्याकडे जातो. वरून आणखी चमचाभर तूप घ्यायला हरकत नाही. आणि सोबत काय नको? आपल्या छायाचित्रात खिचडीशेजारी कुरडई आणि गोड लिंबाचं लोणचं मांडलेलं आहे. कुरडई म्हणजे गव्हाचा चीक, जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि ते लोणचं साखरेत मुरलेलं. ताटातला तांदूळ काढून या दोन वाटांनी तो परत आणला आहे! सांडगी मिरची घ्यावी, भाजलेला उडदाचा एखादा पापड चालेल, पण त्यातही पाच-सहा ग्रॅम कर्बोदकं धरावीत.

डब्यासाठी ही खिचडी बेताचीच. दोन-तीन तासांत फ्लॉवर पुन्हा पाणी सोडतो. न्यायचीच असेल तर परतलेला किस आणि घोटलेली डाळ वेगवेगळ्या डब्यांत न्यावी आणि खाताना गरम करून एकत्र करावी.

साबुदाण्याच्या खिचडीलाही हीच युक्ती लावता येईल का, असं पुष्कळ जण विचारतात. नाही. साबुदाण्याचा चिकट पारदर्शक दाणा म्हणजेच स्टार्च. तो काढला की उरतो दाण्याचा कूट आणि मिरची. आणि बहुतेक घरांत फ्लॉवर उपासाला चालतही नाही, त्यामुळे प्रश्न तिथेच मिटतो.

ज्यांना इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी रक्तातली साखर उतरवणारी गोळी चालू आहे, त्यांचा डोस नेहमीच्या भाताच्या जेवणावर बेतलेला असतो. माणशी ५२ ग्रॅमचं जेवण अचानक १७वर आणलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून मगच हा बदल करावा. मधुमेहींसाठी म्हणून छापलेल्या कृतीत ही एक ओळ नसावी याचं नवल वाटतं.

पुढच्या रविवारी दुरुस्ती द्यायला जागा थोडी असेल तर एवढं तरी बदलावं: डाळ एक वाटीऐवजी ४० ग्रॅम, पाणी किसात दोन वाट्यांऐवजी लागलंच तर पाव वाटी, मीठ किस कोरडा झाल्यावर, आणि कुकर नको. कुरडईचं छायाचित्रही तेवढं काढून टाकावं.

आपली,
एक नियमित वाचक, डोंबिवली