रविवारी एमसीबीच्या ट्रिप कर्व्हवर सराव बैठक

सर्व वायरमन सभासदांनो, येत्या रविवारी सकाळी ९ वाजता, सीताबर्डीच्या नेहमीच्या जागी. क्लॅम्प मीटर, लूप टेस्टर आणि काढून ठेवलेला एखादा जुना एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद पडणारा स्विच) सोबत आणा.

त्याआधी एवढं पाहून या:

- चुंबकीय ट्रिप (शॉर्ट झाला की लगेच उडणं) रेटिंगच्या किती पटीला? त्यावरून कर्व्ह ठरतो. बी: ३ ते ५, सी: ५ ते १०, डी: १० ते २०. म्हणजे सी-१६ (सी कर्व्ह, १६ अँपिअर रेटिंग) हा १६० अँपिअरला नक्की उडेल, ८० ला उडेलच असं नाही.
- ओव्हरलोडचं काम बायमेटल पट्टी करते, तिन्ही कर्व्हमध्ये सारखंच. १.४५ पट करंटला तासाभरात ट्रिप. हा हिशेब ३०° सेल्सिअसचा आहे; मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या बोर्डात पट्टी आधीच तापलेली असते, म्हणून एमसीबी लवकर पडतो. तो खराब नसतो!

एसी सुरू होताना उडतो म्हणून सरसकट डी लावू नका. डी-१६ ला ३२० अँपिअर लागतात; लांब, बारीक वायरवर शॉर्ट झाला तर तेवढा करंट येतच नाही आणि वायर जळते. आधी लूप (शॉर्टचा करंट जातो त्या पूर्ण वाटेचा रोध) मोजा: सी-१६ साठी १.४ ओहमच्या आत हवा.

उशिरा येणाऱ्यांना टेस्ट बेंच मिळणार नाही.