विणलेल्या सशाचे डोळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारशाला हाताने विणलेलं काहीतरी न्यायची हौस हल्ली पुन्हा आली आहे, याचा माझ्यासारख्या विणणाऱ्या बाईला आनंदच आहे. आमच्या वेळी बाळंतविड्यात झबली, टोपडी, दुपटी आणि फार तर एक लोकरीच्या मोज्यांचा जोड असे. आता त्यात एक नवी वस्तू दिसते. वीतभर चौकोनी विणलेलं फडकं आणि त्याच्या मधोमध सशाचं नाहीतर अस्वलाचं डोकं. धड खेळणं नाही, धड पांघरूण नाही. बाळाने मुठीत धरावं, गालाला घासावं, कान चोखावा, एवढंच त्याचं काम. मुली त्याला 'कम्फर्टर' म्हणतात. मी 'चिंधी-ससा' म्हणते.

तसं हे आपल्याकडे नवीन नाही. माझा मुलगा आजीच्या नऊवारीच्या गोधडीचं टोक नाकाला लावल्याशिवाय झोपत नसे. गोधडी धुतली की वाळत घातलेल्या दोरीखाली मुक्काम ठोकायचा. शेवटी ते टोक कापून, कडा शिवून त्याला वेगळं दिलं. ते पहिलीपर्यंत टिकलं. त्यावरून धडा घेऊन मी आता सारखे दोन ससे विणते, एक धुण्यात आणि एक बाळाच्या हातात.

दोन वर्षांपूर्वी नातवासाठी पहिला विणला. ४ मिमीच्या सुया आणि सुती दोरा. कोपऱ्यातून तीन टाक्यांनी सुरुवात, दर ओळीला एक टाका वाढवायचा, साठ झाले की तसाच एकेक कमी करत यायचं. सगळे टाके सुलट. नवशिकीलाही जमेल. डोकं वेगळं विणून कापूस भरला, कान लावले आणि बाजारात मिळतात ते काळे चकचकीत प्लॅस्टिकचे डोळे बसवले. मागून चकती दाबून पक्के होतात ते. ससा इतका देखणा झाला की बारशाला बाळापेक्षा त्याचेच फोटो जास्त निघाले.

नातू नऊ महिन्यांचा झाला, खालचे दोन दात आले आणि एका दुपारी त्याच्या ओठांवर मला काहीतरी काळं चमकताना दिसलं. सशाचा डोळा! दिसला म्हणून हातात आला, एवढंच. नंतर उलटसुलट करून पाहिलं तर चकती जागची हललेली नव्हती. चकतीसकट अख्खा डोळाच टाक्यांतून बाहेर आला होता. विणलेलं कापड ओढलं की ताणतं आणि भोक मोठं होतं, हे चाळीस वर्षं सुया चालवणाऱ्या मला कळायला हवं होतं.

मग थोडं वाचलं. खेळण्यांच्या भारतीय मानकात, आयएस ९८७३ मध्ये, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सुमारे ३२ मिमी व्यासाची एक नळी सांगितली आहे. सुटा तुकडा तिच्यात न दाबता पुरता मावला, तर तो घशात अडकण्याजोगा. माझ्या सशाचा डोळा ९ मिमीचा होता. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट मिळाली. ती असावीच. बारशाला ससा नेणाऱ्या आजीमागे कुणी शिक्का घेऊन लागावं असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण गेल्या दिवाळीआधीच्या एका प्रदर्शनात मी एका ताईंना विचारलं, "डोळे शिवलेत की चिकटवलेत?" त्या हसून म्हणाल्या, "काकू, पक्के चिकटवलेत, काळजीच करू नका."

दुसरी गोष्ट सुनेने ऐकवली, आणि खरं सांगते, तेव्हा मला रागच आला होता. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना पाळण्यात काही मऊ ठेवायचं नाही, उशी नाही, सैल पांघरूण नाही आणि ससाही नाही, असं तिला बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते. आम्ही काय मुलं वाढवली नाहीत? पण तोंडावर आलेलं फडकं तान्ह्या बाळाला बाजूला सारता येत नाही, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा वर्षापर्यंत ससा जागेपणी, आपल्या डोळ्यांसमोर. बाळ झोपलं की तो कपाटात.

आपल्या पुरवणीत विणकामाच्या कृती येतात, मी त्या कापून वहीत चिकटवते. बाळाच्या खेळण्याची कृती छापाल तेव्हा शेवटी दोन ओळी वाढवाव्यात, एवढी विनंती: डोळे-नाक दोऱ्यानेच भरावं, मणी, बटण, रिबीन लावू नये, आणि वर्षाच्या आत ससा पाळण्यात नको. विकणाऱ्या भगिनींनीही अशी चिठ्ठी सशाला जोडावी, त्यात दोरा कसला तेही लिहावं. दुकानदार सरसकट सगळ्याला 'लोकर' म्हणतात, निघतं बहुधा ॲक्रिलिक. शंका आली तर टोक जाळून पाहावं: खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते, सुताला कागदाचा वास येतो, ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. केसाळ, भुरभुरणारी लोकर तर नकोच. बाळाच्या तोंडात तिचे तंतू जातात.

आमच्या सशाचे डोळे मी त्याच संध्याकाळी काळ्या दोऱ्याने भरले. घाईत एक मोठा झाला, एक बारीक. नातवाची काही तक्रार नाही. त्याला फक्त डावा कान लागतो, आणि तो चोखून चोखून आता पार चपटा झाला आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा