चालताना पोटरीत येणारा गोळा अंगावर काढू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चालताना पोटरीत गोळा आला की वयाला किंवा क्षारांच्या कमतरतेला बोल लावायचा आणि तेल चोळून मोकळे व्हायचे, हा प्रकार सर्रास दिसतो. वृत्तपत्रांतील आरोग्यविषयक मजकूरही बहुधा तेवढ्यावरच थांबतो, म्हणून हे पत्र.

साधा पेटका अवचित येतो, स्नायू हाताला टणक लागतो आणि गुडघा सरळ ठेवून पाऊल नडगीकडे ओढले की तो सुटतो. सवय नसताना एकदम फार चालल्याने तो येऊ शकतो. हळूहळू अंतर वाढवणे, पोटऱ्यांना ताण देणे आणि पुरेसे पाणी पिणे यांवर बहुतेकांचे भागते.

मात्र ठरावीक अंतर चालले की पोटरी भरून येते, चढावर त्याआधीच येते, नुसते उभे राहिले तरी काही मिनिटांत दुखणे थांबते आणि पुन्हा तेवढेच चालल्यावर परत सुरू होते, असे असेल तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची शंका घ्यायला हवी. बसल्यावर पुरणारे रक्त चालताना स्नायूंना अपुरे पडते, हे त्याचे कारण. (उभे राहून आराम न पडता बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर पडत असेल, तर दोष बहुधा कमरेच्या मणक्यात असतो.) धूम्रपान करणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी हे विशेष मनावर घ्यावे, कारण पायाच्या धमन्यांत जे साचते तेच हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही साचत असण्याची शक्यता मोठी असते. घोट्याजवळचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात; ते ०.९ किंवा त्याहून कमी आले, तर निदानाला बळकटी येते. तपासणी सुईशिवाय होते, तरी ती मागून घेणारे रुग्ण थोडेच.

दुखते म्हणून चालणे सोडणे ही यातली सर्वांत वाईट प्रतिक्रिया होय. डॉक्टरांच्या सल्ल्याने, दुखू लागेपर्यंत चालणे, थांबणे आणि पुन्हा चालणे, असे आठवड्यातून तीनदा ३० ते ४५ मिनिटे किमान १२ आठवडे केल्यास वेदनेविना चालता येणारे अंतर वाढते. तंबाखू मात्र पूर्ण सुटली पाहिजे.

एकच पाय अचानक सुजून गरम लागला, पाऊल एकाएकी गार आणि पांढरे पडले किंवा पडल्या पडल्याही पाय ठणकू लागला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आपल्या आरोग्य पुरवणीत ही लक्षणे ठळक चौकटीत छापावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक