ऋण म्हणजे मायनस ना, पप्पा?

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझा तो अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज येऊन तीन आठवडे झाले आणि मी नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवून गप्प बसलो, त्याबद्दल आधी सॉरी. टाळत नव्हतो रे. शेवटी तू विचारलंस ना, "खरं सांग, पोरांना घरी शिकवण्याच्या या सगळ्यातून तुला मिळतं काय?", तिथेच अडकलो. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष देतात तसं छान उत्तर देऊन मोकळा झालो असतो. तुला तसलं उत्तर देता येत नाही, तू मला कॉलेजपासून ओळखतोस. आज पोरं लवकर झोपलीत, म्हणून बसलोय लिहायला.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. लोकांना वाटतं आम्ही विश्वासामुळे होमस्कूलिंग सुरू केलं. खोटं आहे. आम्ही घाबरून सुरू केलं. थोरली सात वर्षांची होती, दर रविवारी संध्याकाळी तिच्या पोटात दुखायचं, डॉक्टर म्हणाले पोटात काही नाहीये, मग एका सोमवारी ती बूट घालता घालता रडायला लागली आणि हिने तिचे बूट काढले, बस. प्रार्थना करून, उपास धरून घेतलेला निर्णय वगैरे काही नाही. वचन आम्ही नंतर शोधलं आणि निर्णयाला वरून चिकटवलं, आणि मग वर्षभर लोकांना सांगत फिरलो की देवाने आम्हाला दाखवलं.

चिकटवलेलं वचन म्हणजे बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा सहावा अध्याय, होमस्कूलवाल्या सगळ्या ख्रिस्ती घरांचं आवडतं. मुलांच्या मनावर बिंबव, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना यांविषयी बोलत जा. आम्ही ते मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलं आणि त्याच्या शेजारी लावलं टाइमटेबल! आठला प्रार्थना, सव्वाआठला पाठांतर, नऊला गणित. मी घंटासुद्धा आणली होती, हसू नकोस. त्या वचनात कुठेही नऊचं गणित नाही, उलट बसता-उठता चाललेल्या गप्पा आहेत, हे कळायला वर्ष गेलं. त्याहून मोठी गंमत मला फार उशिरा दिसली. मुलांना शिकव हे सातव्या ओवीत येतं, सहाव्या ओवीत आधी म्हटलंय की या गोष्टी तुझ्या स्वतःच्या हृदयात असू देत. आम्ही सहावी ओलांडून थेट सातवीवर उडी मारली होती.

त्याचं बिल दोन वर्षांपूर्वी आलं. मधला आठ वर्षांचा होता, मोठा भागाकार चालला होता, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तीच चूक, वरचा आकडा खाली घ्यायचाच विसरायचा. माझी एक ऑफिसची मीटिंग डोक्यावर होती. मी ओरडलो, म्हणजे जोरात ओरडलो, पेन्सिल भिंतीवर फेकली आणि तिचं टोक तुटून त्याच्या वहीवर पडलं. आम्ही त्या महिन्यात १ करिंथ १३, म्हणजे बायबलमधला प्रीतीवरचा अध्याय, पाठ करत होतो. धाकटी तेव्हा चार वर्षांची, जमिनीवर काहीतरी रंगवत बसलेली, ती वर न बघता आपल्याच नादात सुरात म्हणाली, "प्रीती... चिडत नाही, अपकार स्मरत नाही." टोमणा नव्हता रे तो. चार वर्षांच्या पोरीला कसला टोमणा, तिला सकाळची ओळ आठवली एवढंच. पण मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं आणि बराच वेळ बाहेर आलो नाही. सकाळी ज्या तोंडाने वचन वाचलं त्याच तोंडाने अकरा वाजता हे, आणि ऐकणारे कान तेच. शाळेतल्या सरांना निदान संध्याकाळी घरी जाता येतं, मी जाऊ कुठे?

बाहेर येऊन त्याची माफी मागितली. आणि खरं सांगू, बाप्तिस्मा घेऊन वीस वर्षं झाली होती, पण "देवा मला क्षमा कर" हे मी आजवर बहुतेक वेळा मोघमच म्हणत आलो होतो, त्या दिवशी पहिल्यांदा तारीख, वेळ, पेन्सिल, सगळ्यासकट म्हणालो. मधल्याने काय केलं असेल? म्हणाला, "ठीक आहे पप्पा, पण आता भागाकार उद्या करू."

हे सगळं परवा परत आठवायचं कारणही तोच. आता दहाचा झालाय, हल्ली ऋण संख्या शिकतोय, शून्याच्या डावीकडच्या. रात्री प्रभूची प्रार्थना म्हणताना "आमची ऋणे आम्हांस सोड" इथे मध्येच थांबला आणि म्हणाला, "ऋण म्हणजे मायनस ना, पप्पा? म्हणजे आपण देवाकडे मायनसमध्ये आहोत?" मी हो म्हणालो. तर पुढचा प्रश्न, "मग त्याने सोडलं की आपण शून्यावर येतो का प्लसमध्ये जातो?" अरे, चाळीस वर्षं मी ती प्रार्थना म्हणतोय! बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोमकरांना अख्खं पत्र लिहिलं ते जवळजवळ याच हिशोबावर, अब्राहामाचा विश्वास त्याच्या खात्यात नीतिमत्त्व म्हणून जमा धरला असं चौथ्या अध्यायात आहे, ते मी त्याला जमेल तसं सांगितलं, म्हणजे नुसती पाटी पुसली जात नाही, वर दुसऱ्याची जमा तुझ्या नावावर लागते. तो म्हणाला, "ये तो चीटिंग है." हिंदी कुठून शिकला देव जाणे. पण कृपेची इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्या प्रवचनात ऐकलेली नाही. बघ, तू विचारलंस मिळतं काय, तर हे मिळतं. पण महिन्यातून एकदा. बाकीचे दिवस मोजे शोधण्यात जातात.

ते बाकीचे दिवस तुला कळावेत म्हणून सांगतो. सुरुवातीला हिला सुझाना वेस्ली या बाईने झपाटलं होतं. मेथडिस्ट पंथाची सुरुवात करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्लीची आई. एकोणीस मुलं झाली, त्यातली नऊ तान्हेपणीच गेली, आणि उरलेल्यांना तिने घरातच शिकवलं, रोज सहा तास, सकाळी तीन दुपारी तीन. १७३२ मध्ये तिने जॉनला पत्र लिहून आपली सगळी पद्धत सांगितलीय. पाचवं वर्ष पूर्ण झालं की दुसऱ्या दिवशी मुलाला बसवायचं आणि एका दिवसात सगळी मुळाक्षरं यायला हवीत, आणि आली म्हणे सगळ्यांना, फक्त दोन मुलींना दीड दिवस लागला तर तिला त्या मंद वाटल्या होत्या! आमचा मधला धड वाचायला लागला जवळजवळ आठव्या वर्षी. त्या काळात ही रात्री ते पत्र वाचायची आणि रडायची. मी एकदा चिडून म्हणालो, त्या बाईचा नवरा कर्जापायी तुरुंगात गेला होता, १७०९ मध्ये घर जळून खाक झालं आणि जॉनला खिडकीतून बाहेर काढावं लागलं, ते का नाही वाचत, नुसती मुळाक्षरंच काय वाचतेस.

पण त्याच बाईच्या दोन गोष्टी आम्ही धरून ठेवल्यात. एक म्हणजे नवरा तिला म्हणाला होता की एकच गोष्ट त्या पोराला वीस वेळा सांगतेस, कमाल आहे तुझी. त्यावर ती म्हणाली, एकोणीस वेळा सांगून थांबले असते तर सगळी मेहनत वाया गेली असती. आमच्याकडे आता पालथ्या घड्यावर पाणी असं वाटायला लागलं की आम्ही एकमेकांना नुसतं "एकोणीस" म्हणतो. दुसरी गोष्ट, ती आठवड्यातली एकेक संध्याकाळ एकेका मुलासाठी राखून ठेवायची, जॉनचा गुरुवार होता. मोठा झाल्यावरसुद्धा त्याने आईला लिहिलं की त्या गुरुवारचा थोडा वेळ अजून मला दे. आमच्याकडे मधल्याचा मंगळवार आहे. काही विशेष करत नाही, फिरायला जातो, तो बोलतो, मी ऐकतो, बहुतेक वेळा डायनासोर. पण पेन्सिलीचा विषय त्याने स्वतःहून काढला तो एका मंगळवारीच, वर्षभरानंतर. म्हणाला, तेव्हा मला वाटलं होतं मी ढ आहे म्हणून तुम्ही रडलात.

आता तुझ्या पोराबद्दल. तू म्हणालास शाळेतलं वातावरण, भाषा, मोबाइल, सगळं बघून त्याला काढावंसं वाटतंय, आणि तुमच्या मंडळीतले एक भाऊ म्हणाले की शाळा म्हणजे बाबेल, बायबलमधलं ते पापाचं शहर, लेकरांना तिथून बाहेर काढा. त्या भाऊंना माझा सलाम सांग आणि ऐकू नकोस. माझी या बोलण्याने फार चिडचिड होते, कारण शाळांसाठी झटले ते आपलेच लोक. गरिबांची पोरं आठवड्याचे सहा दिवस कामाला जायची म्हणून १७८० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सने रविवारची शाळा काढली, लिहावाचायला शिकवण्यासाठी. त्याआधी कोमेनियस हा शिक्षणतज्ज्ञ, तो तर मोरेव्हियन मंडळीचा बिशप, १६५८ मध्ये मुलांसाठी चित्रांचं पुस्तक काढणारा, मुलगे-मुली, गरीब-श्रीमंत सगळ्यांना शाळा हवी म्हणून आयुष्यभर घसा कोरडा केला त्याने. आणि तोच माणूस म्हणतो की पहिल्या सहा वर्षांची शाळा म्हणजे आईची मांडी. दोन्ही एकाच डोक्यात मावत होतं, आपल्याच लोकांच्या डोक्यात का मावत नाही कळत नाही.

तेव्हा भीतीपोटी काढू नकोस. आम्ही काढलं, पण मग ती भीती दप्तरासकट घरी आली आणि तिनेच टाइमटेबल बनवलं. आणि आधी वहिनींना विचार, तुझ्या कल्पनेतल्या शाळेत शिकवणार कोण? माझ्याकडे गणित आणि वचन, बाकी सगळं हिच्याकडे, वर घर. हिने नोकरी सोडली, आणि ते "आम्ही ठरवलं" असं मी सांगतो तेव्हा ही माझ्याकडे एका विशिष्ट नजरेने बघते. दिवसाला दोन-अडीच तास बसून अभ्यास या वयाला पुष्कळ होतो, तो प्रश्नच नाही, उरलेले तास घरात सगळे एकमेकांच्या पायात येतात तो प्रश्न आहे. आणि तू राहतोस तिथला कायदा बघ आधी, सगळीकडे सारखा नाहीये, जर्मनीत तर घरी शिकवू देतच नाहीत. परीक्षा कुठून द्यायची तेही आत्ताच विचारून ठेव, दहावीला नको.

बरं, आता खरी बातमी. थोरली बारा वर्षांची झाली आणि तिने दोन महिन्यांपूर्वी सांगितलं की मला शाळेत जायचंय. भांडून नाही, अगदी शांतपणे, भांडी पुसता पुसता. तिला लॅब हवीय, मैत्रिणींचा ग्रुप हवाय, आणि तिचं वाक्य असं की, "मला बघायचंय मी तुमच्याशिवाय पण अशीच आहे का."

मी चार दिवस नीट जेवलो नाही. बाहेर दाखवलं नाही, पण आतून वाटत होतं की पाच वर्षं पाण्यात. हिनेच पकडलं मला. म्हणाली, तुला तिची काळजी नाही वाटत, तुझा प्रोजेक्ट बुडाला म्हणून वाईट वाटतंय, आणि तारण येशूने होतं असं तूच शिकवतोस ना रोज सकाळी? मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

त्या रात्री लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचला, मुद्दाम नाही, आमच्या क्रमात तोच होता. बारा वर्षांचा येशू, वल्हांडणाच्या सणाला यरुशलेमेला गेलेले आईबाप, एक दिवसाची वाट चालून गेल्यावर कळतं पोरगा बरोबर नाही, मग तीन दिवसांनी सापडतो मंदिरात, गुरुजनांच्या मध्ये बसून ऐकतोय, प्रश्न विचारतोय. मरीयेच्या हाताखाली शिकलेलं पोर, आणि बाराव्या वर्षी घराबाहेर दुसऱ्यांच्या मध्ये बसून प्रश्न विचारतंय! ती रागावते, तो उत्तर देतो, आणि लूक सरळ लिहून टाकतो की ते त्यांना समजलं नाही. मला त्या एका वाक्याने इतकं बरं वाटलं, प्रत्यक्ष मरीयेलाही समजलं नाही. मग तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला, त्यांच्या आज्ञेत राहिला, आणि पुढची अठराएक वर्षं शास्त्रात जवळजवळ काहीच नाही. कामाला लागतो तेव्हा सुमारे तिशीचा. त्या मधल्या वर्षांत असंच असणार सगळं, मोजे आणि मंगळवार.

तर थोरली पुढच्या वर्षी शाळेत जातेय. धाकट्या दोघांचं घरीच चालू राहील, धाकटी म्हणते मी कधीच जाणार नाही, पण ती सहा वर्षांची आहे, तिने मागच्या आठवड्यात मासा व्हायचं ठरवलं होतं. थोरलीची चाचणी झाली, भाषेत छान, गणितात बरी (हे मास्तर बदलल्यावर सुधारेल असं ही म्हणाली). रात्री अधूनमधून तिच्या पोटात परत दुखायला लागेल का असं वाटून मला जाग येते. मग प्रार्थना करतो, हल्ली मोघम नाही करत.

काल फॉर्म भरायला बसलो. तिने स्वतःच्या अक्षरात भरला, मी नुसता शेजारी. आधीच्या शाळेचं नाव या रकान्यात तिने बिनधास्त "घर" लिहिलं, माध्यम मराठी, आणि पुढचा रकाना आला, शाळा सोडण्याचे कारण. तिने माझ्याकडे बघितलं, मी हिच्याकडे, मधला म्हणाला "बदली" लिहा. तो रकाना अजून कोरा आहे आणि फॉर्म परवा द्यायचाय. तुला काही सुचलं तर उद्या रात्रीपर्यंत कळव, पण अकरा मिनिटांचा मेसेज नको.

वहिनींना आणि पोराला सलाम. तुमच्यासाठी प्रार्थना करतोय, नाव घेऊन.

तुझाच,
घंटावाला हेडमास्तर