त्या रेषा सातपुड्याच्या नाहीत

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत स्नेहसंमेलनाच्या छायाचित्राखाली ‘सातपुड्याच्या डोंगररांगा छातीवर मिरवणारा तरुण’ अशी ओळ छापून आली. त्या मुलाच्या अंगात काळा टी-शर्ट होता आणि त्यावर एकाखाली एक पांढऱ्या रेषा, मधोमध उंचवटे घेतलेल्या. त्या रेषा डोंगराच्या नाहीत, ताऱ्याच्या आहेत. त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर ‘न्यू ऑर्डर’ या इंग्लिश बँडविषयी लिहिले होते की, गायक वारल्यावर या मंडळींनी बाजाराचा कल पाहून पोस्ट-पंक, म्हणजे पंक रॉकमागून आलेले उदास वळणाचे संगीत, सोडले आणि नाचाची गाणी धरली. टी-शर्टवरचे चित्र याच मंडळींच्या पहिल्या अल्बमचे आहे, म्हणून दोन्हींबद्दल एकाच पत्रात लिहीत आहोत.

आधी चित्र. १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला रेडिओ दुर्बिणीच्या कागदी पट्टीवर नेमक्या अंतराने येणारे ठोके दिसले. माणसाला सापडलेला हा पहिला पल्सार, म्हणजे स्वतःभोवती फिरत नेमक्या अंतराने रेडिओ लहरींचे ठोके पाठवणारा तारा. त्याचे नाव सीपी १९१९. दर १.३३७ सेकंदाला त्याचा एक ठोका पडतो. लय मोजून देणारा मेट्रोनोम मिनिटाला ४५ ठोक्यांवर लावला की या ताऱ्याची लय जवळजवळ हुबेहूब ऐकू येते. पुढे हॅरल्ड क्राफ्ट या खगोल संशोधकाने पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने याच ताऱ्याचे लागोपाठचे ८० ठोके टिपले आणि प्रत्येकाची एक रेषा काढून त्या एकाखाली एक रचल्या. १९७० च्या त्यांच्या प्रबंधातली ही आकृती नंतर खगोलशास्त्राच्या एका कोशात छापली गेली. तिथे ती बर्नार्ड समनर या गिटारवादकाला दिसली. वेष्टनाचे रचनाकार पीटर सॅव्हिल यांनी पांढऱ्यावरच्या काळ्या रेषा उलटवून काळ्यावर पांढऱ्या केल्या, आणि १९७९ साली ‘अननोन प्लेझर्स’ बाजारात आला तो असा, की वेष्टनाच्या दर्शनी बाजूला ना बँडचे नाव, ना अल्बमचे. बँड होता ‘जॉय डिव्हिजन’, न्यू ऑर्डरचे आधीचे रूप.

त्या ८० रेषा नीट न्याहाळाव्यात. ठोका दर वेळी अचूक वेळेवर येतो, पण दोन रेषांचे उंचवटे कधी सारखे नसतात. पल्सारचा स्वभावच तसा: वेळ पक्की, आकार दर वेळी निराळा. असे तारे जिथे अभ्यासले जातात ती जागा आपल्याला लांब नाही. नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने ती लोकांनाही पाहायला मिळते. ज्याच्या कपाटात तो टी-शर्ट आहे त्याने एकदा तिथे जाऊन यावे.

आता बाजाराचा कल पाहून वळल्याचा आरोप. तो ऐकून आमच्यासारख्यांना वाईट वाटते, कारण हा बदल कानांनी तपासता येतो आणि तपासला की आरोप टिकत नाही.

जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिस १८ मे १९८० रोजी गेला, वयाच्या २३ व्या वर्षी, बँडच्या पहिल्या अमेरिका दौऱ्याच्या तोंडावर. आपल्यातला एक जण जरी कमी झाला तरी हे नाव पुढे वापरायचे नाही, असे चौघांचे आधीच ठरले होते. उरलेल्या तिघांनी, समनर, बेसवादक पीटर हुक आणि ड्रमर स्टीफन मॉरिस यांनी, ते पाळले. चालत्या नावावर पाणी सोडून त्यांनी नवे नाव घेतले, जिलियन गिल्बर्ट कीबोर्ड आणि गिटारला आली. हाच ‘न्यू ऑर्डर’. १९८३ च्या मार्चमध्ये त्यांची ‘ब्लू मंडे’ ही साडेसात मिनिटांची बारा इंची तबकडी निघाली आणि लोक म्हणू लागले की बँड बदलला.

बदल त्याच्या चार वर्षे आधीच झाला होता, आणि तो बेस गिटारमध्ये झाला होता. सुरुवातीच्या दिवसांत हुकचा ॲम्प्लिफायर सुमार होता. सरावाच्या खोलीत समनरच्या गिटारपुढे खालचे स्वर त्याला स्वतःलाच ऐकू येईनात. मग तो वरच्या तारांवर, वरच्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) धून वाजवू लागला. कर्टिसला ते आवडले आणि तसेच वाजव म्हणून त्याने आग्रह धरला. म्हणजे १९७९ मध्येच या बँडचा बेस तळ सोडून वर गेला होता. तळाची जागा मोकळी होती. १९८२-८३ मध्ये मूग सोर्स हा सिंथेसायझर आला तो नेमका त्या मोकळ्या जागेत बसला. ‘ब्लू मंडे’ हेडफोनवर ऐका: खाली सिंथचा बेस धावतो आहे आणि त्याच्यावर हुकची तीच जुनी उदास बेसगिटार आहे. तिला तिच्या जागेवरून कुणी हलवलेले नाही.

ड्रमचेही तसेच. निर्माता मार्टिन हॅनेट याने पहिल्या अल्बमच्या वेळी मॉरिसकडून ड्रम सुटे सुटे वाजवून घेतले, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये मिसळू नये म्हणून. माणसाला यंत्रासारखे वाजवायला लावले होते. पुढे खरेच यंत्र आले, ओबरहाइम डीएमएक्स हे ड्रम मशीन, तेव्हा ते चालवायला यंत्रासारखा विचार करणारा ड्रमर तयार होता. सिक्वेन्सर, म्हणजे आधी भरून ठेवलेले स्वर आपोआप वाजवणारे यंत्र, समनरने सुटे भाग आणून स्वतः जोडला होता. गिल्बर्टने संपूर्ण ‘ब्लू मंडे’ एकेक स्वर करून त्यात भरले. त्यासाठी तिने ए-फोर कागद चिकटपट्टीने जोडून स्टुडिओच्या लांबीची पट्टी केली, स्वेटरच्या विणीच्या नमुन्यासारखी. भरताना एक स्वर सुटला. म्हणून त्या गाण्यात सिंथची धून ठेक्यापासून जराशी सरकलेली ऐकू येते. चूक काढली नाही, तशीच राहिली, आणि आज ती काढून वाजवले तर चाहत्याचा कान लगेच अडखळतो.

बाजार पाहून वागणाऱ्यांनी हे गाणे त्याच वर्षीच्या अल्बममध्ये घातले असते. इंग्लंडच्या आवृत्तीत ते घातले नाही. ब्रिटिश टीव्हीवरच्या लोकप्रिय कार्यक्रमात सगळे जण ध्वनिमुद्रणावर ओठ हलवत, तिथे यांनी प्रत्यक्ष वाजवण्याचा हट्ट धरला. यंत्रांनी दगा दिला, गाणे कच्चे वाजले, तरी हट्ट सोडला नाही.

अशा नाचाच्या गाण्यांबद्दल ‘तोच तोच ठेका’ अशी तक्रार नेहमी होते; ती आपल्या मुलखात तरी होऊ नये. नंदुरबारच्या काठी गावची होळी ज्याने पाहिली आहे त्याला मोठ्या ढोलाचा एकच ठेका रात्रभर काय करतो हे सांगावे लागत नाही. ठेका बदलत नाही म्हणूनच त्याच्यावरचा लहानसा फरकही जाणवतो.

या बँडवरची माया चाळीस वर्षांनंतरही का टिकली, याचे आमच्या मते साधे कारण आहे: हे संगीत हाताला येते. त्याला फार मोठी तालीम लागत नाही, लागते ती नेमकेपणाची. खान्देशात लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि बेस वाजवणारी पोरे गावोगाव आहेत. त्यांच्यासाठी थोडे तपशिलात लिहितो.

‘ब्लू मंडे’ची लय मिनिटाला साधारण १३० मात्रा. सुरुवातीच्या किकची (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या आवाजाची) रचना चार मात्रांची आहे: पहिल्या मात्रेवर एक, दुसरीवर एक, आणि तिसऱ्या-चौथ्या मात्रेत मिळून आठ सलग ठोके. त्या आठांत दोन ठोक्यांमधले अंतर ०.११५ सेकंद, म्हणजे आठ ठोके एका सेकंदाच्या आत. एका हाताने ते जमणार नाहीत. शेजारच्या दोन पॅडना एकच किक द्यावी आणि उजवा-डावा आलटून पालटून वाजवावा. इथे हमखास फसते ते असे, की डावा हात हलका पडतो आणि ठोके लंगडे ऐकू येतात. ड्रम मशीनची किक मात्र दर वेळी एकाच जोराची असते. म्हणून पॅड कसाही वाजला तरी आवाजाची पातळी फारशी हलणार नाही असा कर्व्ह निवडावा. दुसरी चूक म्हणजे एको. लग्नाच्या मिक्सरवर एको कायम चढवलेला असतो, त्याची शेपटी ०.११५ सेकंदात संपत नाही आणि आठ ठोक्यांची एकच घरघर होते. किकचा चॅनेल कोरडा ठेवावा. स्पीकर पॅडच्या स्टँडजवळ असेल तर कंपनाने न वाजवलेला पॅडही बोलतो; स्पीकर दूर घ्यावा, नाहीतर पॅडचा थ्रेशोल्ड वाढवावा.

बेससाठी नेहमीचा ४५ ते १०५ चा तारांचा संच पुरतो. बोटांऐवजी पिक, सगळे फटके वरून खाली. धून जी तारेवर सातव्या फ्रेटच्या पुढे वाजवावी आणि सूर जुळत असेल तिथे डी तार मोकळी वाजू द्यावी, तिच्यामुळे आवाजाला भरणा येतो. कोरस पेडल लावावे, पण रेट अगदी मंद आणि डेप्थ मध्यावर. डेप्थ वाढवली की वरचे स्वर बेसूर वाटतात आणि वाजवणारा उगाच तारा पिळत बसतो. आणि बेस वर गेला म्हणजे तळ रिकामा होतो हे विसरू नये. कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताने तो सांभाळलाच पाहिजे, नाहीतर सगळे पातळ ऐकू येते.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. हे वादन वरच्या फ्रेटवर चालते आणि गिटारचे सगळे दोष तिथेच उघडे पडतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. लाकूड आकसते, मान मागे झुकते, तारा फ्रेटला लागून झणझणतात. पावसाळ्यात ओल धरून तीच मान पुढे वाकते आणि तारा उंच होतात. तपासायची रीत अशी: तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि आठव्या फ्रेटवर तारेखालची फट पाहा. ती सुमारे ०.३ मिलिमीटर हवी, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट नसेल तर मानेतली ट्रस रॉड ॲलन कीने उलट्या दिशेने सैल करा, जास्त असेल तर सुलट्या दिशेने आवळा. एका वेळी पाव फेराच, मग तारा सुरात लावून पुन्हा मोजा आणि दुसरा पाव फेरा लागलाच तर दुसऱ्या दिवशी. जोर लावावा लागला तर थांबा. तुटलेल्या रॉडला आपल्या भागात दुरुस्ती मिळणे कठीण.

त्यानंतर सूर. ट्यूनरवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक आणि त्याच फ्रेटवर दाबलेला स्वर जुळवून पाहा. दाबलेला स्वर चढा येत असेल तर ब्रिजवरचा सॅडल (तार जिथे टेकते तो तुकडा) मानेपासून लांब सरकवा, उतरता असेल तर जवळ घ्या. आधी मान, मग सॅडल. हा क्रम उलटा केला तर सॅडलची सारी मेहनत वाया जाते, कारण मान हलली की सूर पुन्हा हलतो. वरातीच्या टेम्पोत उन्हात गिटार ठेवून तर मुळीच जाऊ नये, डिंक मऊ पडून ब्रिज किंवा मान उचकटते.

या बँडमध्ये कोण काय वाजवतो हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर १९८५ च्या ‘द परफेक्ट किस’चे चित्रण शोधावे. जोनाथन डेमी यांनी ते सरावाच्या खोलीत, प्रत्यक्ष वादन करून घेत टिपले आहे. दहा मिनिटांत हुकचा हात मानेवर किती वर असतो, गिल्बर्ट कोणत्या कळीवर केव्हा बोट ठेवते, मॉरिस ड्रम सोडून यंत्राकडे केव्हा वळतो, सगळे दिसते. चेहऱ्यांवर विलक्षण एकाग्रता आहे. आमच्यासारख्यांचे प्रेम त्या चेहऱ्यांवर आहे.

हुक २००७ मध्ये बाहेर पडला. गिल्बर्ट मध्यंतरी दूर झाली होती, ती २०११ मध्ये परतली. चाहत्यांत तेव्हापासून दोन बाजू आहेत आणि आमच्यातही आहेत. हुकविना न्यू ऑर्डर ऐकताना बेसची ती वरची धून नसल्याचे जाणवते, हे मात्र दोन्ही बाजू मान्य करतात. हुक आपल्या वेगळ्या संचासह जुने अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवतो आणि लोक ते ऐकायला जातात.

पुढच्या पुरवणीत छायाचित्राखालच्या ओळीची दुरुस्ती ‘सीपी १९१९ या पल्सारचे ८० ठोके’ अशी छापावी, ही विनंती. त्या तरुणाचे नाव छापले होते, तेव्हा दुरुस्तीही त्याच्या वाचनात येईल.

आपले,
भुसावळ व जळगाव येथील काही वाचक