आधी अर्थिंग, मग मेकअप

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

मे महिन्यात नाशिकला कार्यक्रम करताय, तोही तोंडं रंगवून, हे वाचून फार आनंद झाला. फक्त आरशासमोर बसण्याआधी स्टेजवरचं अर्थिंग तपास.

गिटारचा आवाज वाढवणारा अँप एका बोर्डावर, माइक जोडलेला साउंड मिक्सर दुसऱ्या, आणि त्यातल्या एकाचं अर्थिंग तुटलेलं असलं, तर तारांवर हात असताना माइकला ओठ लागला की करंट अंगातून जातो. स्टोन द क्रोज या ब्रिटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वान्सीत, स्टेजवरच, माइकचा शॉक लागून गेला. म्हणून सगळं चालू करून मल्टिमीटर एसी व्होल्टवर लाव. एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. एक-दोन व्होल्टच्या वर आकडा दिसला तर वाजवायचं नाही. आधी दोन्ही नीट अर्थिंगच्या एकाच बोर्डावर घ्यायचं. स्पीकरमधला 'घूं' आवाज घालवायला प्लगची तिसरी पिन काढू म्हणणारे भेटतील. ते कुणालाही करू देऊ नकोस. त्यासाठी डीआय बॉक्सवर, म्हणजे वाद्य आणि मिक्सरच्या मध्ये जोडायच्या छोट्या पेटीवर, ग्राउंड लिफ्टचा खटका असतो; तो फक्त आवाजाच्या वायरचं ग्राउंड तोडतो.

आता चेहरा. दाढी सकाळीच उरक, ताज्या कापलेल्या कातडीवर रंग झोंबतो. चेहरा धुऊन, कापडात बर्फ गुंडाळून फिरव, नीट कोरडा कर. पांढरा रंग स्पंजाने थापायचा, ओढायचा नाही. दोन पातळ थर पुरतात. जाड थर घामाने सोलून निघतो. मग पफने पावडर दाबून पाच मिनिटं थांब, उरलेली ब्रशने झाड, आणि त्यानंतरच काळा रंग. पावडरीआधी काळा लावलास तर सगळं राखाडी होतं. घाम टिपायचा, पुसायचा नाही. हस्तकलेची चमकी डोळ्यांजवळ अजिबात नको, बुबुळाला ओरखडा जातो. रंग उतरवायला आधी खोबरेल, मग साबण.

केसांना स्प्रे मारलात तर जवळ आग नको. ३१ डिसेंबर १९७३ ला न्यूयॉर्कमध्ये, तुमच्यासारखीच तोंडं रंगवणाऱ्या किस या अमेरिकन बँडच्या जीन सिमन्सचे केस आग फुंकताना पेटले होते. त्याच वर्षी ३० जानेवारीला न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातल्या किसच्या पहिल्या कार्यक्रमाला मोजकीच माणसं होती. नंतरच्या काळात त्यांच्या पाठीमागे रचलेल्या स्पीकरच्या पेट्यांतल्या बऱ्याच रिकाम्या असायच्या. पहिले तीन अल्बम फारसे खपले नाहीत. खरा हात दिला तो सप्टेंबर १९७५ च्या लाइव्ह अल्बमने. म्हणून हॉल अर्धा रिकामा दिसला तरी एक गाणंही कमी करू नका. आलेल्यांनी तिकीट काढलेलं असतं.

तीन पिनचं एक्स्टेंशन आणि मल्टिमीटर इथे आहे, वेगळं आणू नकोस. कोणत्या गाडीने येताय ते कळव. चौघांचं जेवण आई करून ठेवेल. मेकअपच्या दोन तास आधी जेवून घ्या.

तुझे
बाबा